मदतीच्या पत्रातलं वर्क-स्टडी: बडोद्याहून अमेरिकेत पदवीला निघालेल्यांसाठी

मार्च-एप्रिलच्या सुमारास अमेरिकन कॉलेजचं आर्थिक मदतीचं पत्र येतं. ग्रँट, स्कॉलरशिप, लोन अशा ओळी एकाखाली एक असतात आणि तळाशी कुठेतरी 'फेडरल वर्क-स्टडी, २,४०० डॉलर' असं लिहिलेलं असतं. घरात सगळ्या ओळींची बेरीज होते, ती फीमधून वजा होते आणि उरलेल्या रकमेची तजवीज सुरू होते. हिशेब इथेच चुकतो. वर्क-स्टडीची रक्कम बिलातून कापली जात नाही. वर्षभरात काम करून जास्तीत जास्त एवढे पैसे कमावता येतील, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. काम स्वतः शोधायचं, तास भरायचे, मग पंधरवड्याने किंवा महिन्याने पगार जमा होतो. ऑगस्टमध्ये पहिल्या सेमिस्टरचं बिल येईल त्यात यातला एक सेंटही दिसणार नाही.

म्हणून आधी पत्रातली ती ओळ पेनाने खोडा आणि बाकीची बेरीज करा. जी रक्कम भरायची राहते तिची सोय असेल तरच ते कॉलेज परवडतं असं समजा. वर्क-स्टडीतून पुस्तकं, बसचा पास, मोबाइलचं बिल, महिन्याचं थोडं किराणा सामान निघतं. ट्यूशन फी निघत नाही, आणि निघेल असं सांगणाऱ्या कन्सल्टंटकडे, तो अलकापुरीतला असो की फतेगंजमधला, दुसऱ्यांदा जायची गरज नाही.

कोणाला मिळतं

फेडरल वर्क-स्टडी ही अमेरिकन सरकारची योजना, १९६४ पासूनची. ती अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासितांसारख्या काही ठरावीक गटांसाठीच आहे. आपल्याकडच्या घरांमध्ये मुलं साधारण तीन वाटांनी तिकडे पोचतात आणि तिघांचे नियम वेगळे आहेत.

पहिली वाट फाइलची. मामाने किंवा आत्याने ग्रीन कार्डासाठी कधीकाळी टाकलेली भावंडांची फाइल खुलते, आई-वडिलांबरोबर बारावी झालेलं मूलही ग्रीन कार्डावर जातं. अशा मुलाला फेडरल वर्क-स्टडी मिळू शकतं आणि त्याबरोबर पेल ग्रँट ही सरकारी मदतही, जी परत करावी लागत नाही. २०२५-२६ साठी पेलची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे.

दुसरी वाट एफ-१ स्टुडंट व्हिसाची. या मुलांना फेडरल वर्क-स्टडी नाही. पण कॅम्पसवर पगाराची नोकरी करता येते: कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आणि सुट्टीत पूर्णवेळ. काही खासगी कॉलेजं परदेशी मुलांच्या मदतीच्या पत्रात 'कॅम्पस एम्प्लॉयमेंट' अशी ओळ घालतात. तो कॉलेजचा स्वतःचा पैसा असतो, पण ती ओळही वरच्यासारखीच खोडून हिशेब करायचा.

तिसरी वाट एच-४ या अवलंबितांच्या व्हिसाची, म्हणजे वडील किंवा आई एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. या मुलांना वर्क-स्टडीही नाही आणि कॅम्पसवरची पगाराची नोकरीही नाही. लायब्ररीतले चार तासही नाहीत. काम करायचंच असेल तर आधी एफ-१ मध्ये स्टेटस बदलून घ्यावा लागतो, आणि २१ वर्षं पूर्ण होण्याआधी तो विचार तसाही करावाच लागतो.

फाफ्सा भरताना

ग्रीन कार्डवाल्यांसाठी सगळ्याची सुरुवात फाफ्सा या सरकारी आर्थिक मदतीच्या फॉर्मपासून होते. फॉर्म मोफत आहे, स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर भरतात. भरून देण्याचे पैसे मागणारा कोणीही असो, त्याला नमस्कार करून पुढे जा.

विद्यार्थ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे नोकरी आणि करासाठीचा अमेरिकन सरकारी क्रमांक, हवाच. त्यामुळे बडोद्यात बसून, अमेरिकेत उतरण्याआधी हा फॉर्म भरता येत नाही. इमिग्रंट व्हिसाच्या डीएस-२६० अर्जात सोशल सिक्युरिटी कार्ड हवं म्हणून खूण केली असेल तर कार्ड उतरल्यानंतर साधारण तीन आठवड्यांत टपालाने येतं. पत्ता नीट द्या. ज्या नातेवाइकांचा पत्ता दिला त्यांच्या टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर पाकीट परत जाऊ शकतं. महिना उलटला तर सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात पासपोर्ट घेऊन स्वतः जायचं.

नावाचा घोळ सगळ्यात जास्त वेळ खातो. सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं नाव छापलं आहे, अगदी तसंच फाफ्साच्या खात्यात हवं. आपल्याकडे पासपोर्टात वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये जोडलेलं असतं, शाळेच्या दाखल्यात आडनाव पहिलं असतं, आणि गुजरात बोर्डाच्या कागदांवर कधीकधी सुनीलचं सुनीलभाई झालेलं असतं. मराठी घर म्हणून कारकुनाने सूट दिलेली नसते. पासपोर्ट हा पाया धरा, त्याप्रमाणे सोशल सिक्युरिटी, त्याप्रमाणे फाफ्सा, आणि त्याप्रमाणेच कॉलेजच्या पोर्टलवरचं नाव. चारही ठिकाणी स्पेलिंग शेजारी ठेवून बघा.

आई-वडिलांनाही वेगळं खातं उघडून संमती द्यावी लागते. त्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी खातं उघडता येतं, फक्त ओळख पटवण्यात दिवस जातात. फॉर्मला दोन वर्षं मागचं उत्पन्न लागतं: २०२६-२७ च्या फॉर्मला २०२४ चं. नुकत्याच गेलेल्या घराचं ते उत्पन्न रुपयांतलं असतं. आयटी रिटर्नमधले आकडे फॉर्म भरण्याच्या दिवसाच्या दराने डॉलरमध्ये करून भरायचे आणि त्या दिवशीचा दर कुठल्या साइटवरून घेतला त्याची प्रिंट ठेवायची. बडोद्यात बऱ्यापैकी समजला जाणारा पगार डॉलरमध्ये फारच लहान दिसतो, त्यामुळे मदत बहुधा चांगली बसते. तो आकडा खरा आहे. लाजून तो फुगवून सांगायचं कारण नाही.

मालमत्तेच्या रकान्यात मात्र सांभाळा. राहतं घर मोजलं जात नाही. पण कुटुंब न्यू जर्सीला राहायला गेलं आणि बडोद्यातला फ्लॅट भाड्याने दिला किंवा नुसता कुलूप लावून ठेवला, तर तो आता राहतं घर उरत नाही. त्याची किंमत, त्यावरचं कर्ज वजा करून, दाखवावी लागते. बँकेतल्या एफडीही दाखवायच्या. पुढे कॉलेजने पडताळणीला घेतलं आणि हे निघालं तर मिळालेली मदत परत मागितली जाते.

नवा फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. अमेरिकन केंद्र सरकारची शेवटची तारीख लांब असते, पण त्या तारखेवर विसंबू नका. वर्क-स्टडीचा पैसा प्रत्येक कॉलेजला ठरावीक मिळतो आणि लवकर आलेल्यांत संपतो. कॉलेजची स्वतःची 'प्रायॉरिटी' तारीख असते, ती पाळायची. मे-जूनमध्ये उतरलेल्या कुटुंबाची ती तारीख उलटलेलीच असते. पेल तरीही मिळते. वर्क-स्टडीसाठी फायनान्शियल एड ऑफिसला लिहून प्रतीक्षा यादीत नाव घालायला सांगा. दुसऱ्यांनी नाकारलेली रक्कम सप्टेंबरमध्ये पुन्हा वाटली जाते, तेव्हा मागणाऱ्याचा नंबर लागतो.

ऑफिसला बडोद्याहून फोन करायचा असेल तर पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. कॅलिफोर्नियाचे ९ म्हणजे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ. उघडल्या उघडल्या पहिल्या अर्ध्या तासात फोन लवकर लागतो.

पत्रातल्या आकड्याचे तास करा

वर्क-स्टडीची रक्कम पोर्टलवर जाऊन 'ॲक्सेप्ट' करावी लागते. ती खूण राहिली तर मुदतीनंतर रक्कम काढून घेतली जाते. मग आकड्याला तासाच्या दराने भागा.

केंद्राचा किमान दर २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलेला आहे आणि टेक्सास, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांनी स्वतःचा दर वाढवलेला नाही. न्यू जर्सीत किमान दर १५ च्या वर आहे, कॅलिफोर्नियात १६ च्या वर. २,४०० डॉलरला १५ ने भागलं की १६० तास येतात. वर्षात शिकवण्याचे आठवडे साधारण ३०. म्हणजे आठवड्याला पाच-साडेपाच तास, दोन छोट्या पाळ्या. तेच २,४०० डॉलर ७.२५ च्या दराने कमवायचे तर ३३१ तास, आठवड्याला ११. पत्रातली रक्कम तीच, पण दोन मुलांच्या आठवड्यात दुपटीचा फरक. कॉलेज निवडताना फी आणि रँकिंगबरोबर हाही आकडा वहीत मांडा. पुष्कळ कॉलेजं किमानपेक्षा जास्त देतात, म्हणून दर त्यांच्या विद्यार्थी नोकऱ्यांच्या पानावर बघायचा.

न कमावलेली रक्कम मिळत नाही. उलट ठरवलेली रक्कम मार्चमध्येच कमावून झाली तर काम थांबतं, किंवा विभागाने स्वतःच्या खिशातून पगार द्यायचं ठरवलं तरच चालू राहतं. बहुतेक विभाग देत नाहीत. त्याचं कारण पैशाच्या वाटणीत आहे: वर्क-स्टडीवाल्या मुलाच्या पगारातला ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग केंद्राकडून येतो, विभागाला पाव भागच पडतो. हीच गोष्ट नोकरी मागताना तुमच्या बाजूने असते. दोन सारख्या मुलांत वर्क-स्टडीवालं मूल विभागाला स्वस्त पडतं, म्हणून अर्जाच्या पहिल्या दोन ओळींत 'माझ्याकडे एवढ्या रकमेचं वर्क-स्टडी आहे' हे यायलाच हवं.

काम शोधणं

नोकऱ्या कॉलेजच्या पोर्टलवर लागतात, बऱ्याच ठिकाणी हँडशेक या साइटवर. तिथे 'वर्क-स्टडी आवश्यक' अशी गाळणी असते. एफ-१ वाल्यांनी नेमकी उलटी गाळणी लावायची, म्हणजे वर्क-स्टडी आवश्यक नसलेल्या नोकऱ्या. त्या कमी असतात, त्यामुळे त्यांना आणखी लवकर हालचाल करावी लागते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून रोज बघा. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत चांगल्या जागा जातात.

बायोडेटा घरून नेलेला चालत नाही. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, धर्म-जात, लग्न झालं की नाही, पासपोर्ट नंबर, खाली सही आणि 'वरील माहिती खरी आहे' हे सगळं काढा. एक पान. बारावीची टक्केवारी आहे तशी लिहा, तिचा जीपीए स्वतःच्या मनाने करू नका. 'अनुभव नाही' असं म्हणून पान रिकामं ठेवू नका. दांडिया बाजारातल्या गणेश मंडळात दहा दिवस वर्गणीची पावतीपुस्तकं सांभाळली असतील तर तो रोख हिशेबाचा अनुभव आहे: किती घरं, किती रक्कम, शेवटी ताळा कसा जुळवला ते लिहा. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर पास तपासले असतील तर गर्दी सांभाळण्याचं काम केलं आहे. घरच्या दुकानात टॅलीवर बिलं केली असतील तर तेही. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी या चार भाषा बडोद्याच्या मुलाला येतात, त्या वेगळ्या ओळीत हव्यात. ॲडमिशन ऑफिसला परदेशी पालकांशी बोलणारं कोणीतरी लागतंच.

बायोडेटाबरोबर आठवड्याचं वेळापत्रक जोडा, कोणत्या वारी किती ते किती मोकळे आहात ते. सुपरवायझर गुणांपेक्षा आधी तेच बघतात. मंगळवारी दुपारची पाळी रिकामी असेल आणि तुम्ही त्या वेळी मोकळे असाल तर मुलाखत अर्धी झाली. मेल थोडक्यात लिहा: नाव, वर्ष, वर्क-स्टडीची रक्कम, मोकळे तास, कोणतं काम हवं. 'रिस्पेक्टेड सर' लिहू नका, समोरचं माणूस सर आहे की मॅडम हे नावावरून कळत नाही. प्राध्यापक असतील तर 'प्रोफेसर' आणि आडनाव. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर छापील प्रत घेऊन प्रत्यक्ष जा. तिकडे याला आगाऊपणा समजत नाहीत.

आता कामांविषयी. लायब्ररीचा सर्क्युलेशन डेस्क सगळ्यांना हवा असतो: पुस्तकं देणं-घेणं, परत आलेली क्रमांकाप्रमाणे कपाटात लावणं, हेडफोन-चार्जर उसने देणं. रात्री ९ नंतरची पाळी घेतली तर मध्ये अभ्यासही होतो, परीक्षेचे आठवडे सोडून. जागा कमी, म्हणून नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका, नाव ठेवून या. ऑक्टोबरमध्ये कोणीतरी सोडतंच.

डायनिंग हॉलमध्ये जागा जवळजवळ नेहमी असते. चार तास उभं राहायचं, दुपारी बारा ते दीड या वेळेत मान वर करायला फुरसत नाही. भांड्यांच्या खोलीत वाफ, ओली फरशी आणि सरकत्या पट्ट्यावरून न थांबणारे ट्रे. न घसरणारे बूट लागतात, ते पहिल्या पाळीआधी घ्या. साध्या स्पोर्ट्स शूजवर पहिल्याच दिवशी पाय सटकतो. पुष्कळ ठिकाणी पाळीच्या दिवशी एक वेळचं जेवण मिळतं, महिन्याच्या खर्चात ते जाणवतं. शाकाहारी घरातल्या मुलांनी मुलाखतीतच सांगावं की मांस हाताळायची अडचण आहे. बेकरी, सॅलड, कॅश, ट्रे गोळा करणं अशा जागा देतात. रुजू झाल्यावर ग्रिलसमोर उभं राहून सांगितलं तर सुपरवायझरची पाळी कोलमडते आणि पुढच्या वेळापत्रकात तुमचे तास कमी होतात.

आयटी हेल्प डेस्कला पासवर्ड, वायफाय आणि अडकलेला प्रिंटर यांपलीकडे फारसं नसतं, पण पुढच्या इंटर्नशिपच्या अर्जात हा अनुभव उपयोगी पडतो. शिकवणीचं काम पहिल्या सेमिस्टरला मिळत नाही, कारण त्या विषयात त्याच कॉलेजातली ए ग्रेड आणि प्राध्यापकाची शिफारस लागते. कॅल्क्युलसमध्ये ए आली की जानेवारीत अर्ज करा. प्रयोगशाळेत सुरुवात काचेची भांडी धुण्यापासून होते, ते मान्य असेल तर प्राध्यापकांना थेट विचारा.

एक दुर्लक्षित प्रकार म्हणजे कॅम्पसबाहेरची समाजोपयोगी कामं, जी फक्त वर्क-स्टडीवाल्यांना मिळतात. कॉलेजला आपल्या निधीतला किमान ७ टक्के भाग अशा कामांवर खर्च करावाच लागतो: प्राथमिक शाळेत लहान मुलांना वाचायला शिकवणं, सार्वजनिक वाचनालय, अन्नछत्र. दर पुष्कळदा जास्त असतो. पण शाळेत जायला पूर्वतपासणी आणि बोटांचे ठसे लागतात, त्यात काही आठवडे जातात, आणि बसने जाण्यायेण्याचा वेळ धरला तर दोन तासांच्या कामाला साडेतीन तास मोडतात.

कागद

नोकरी मिळाली की आय-९ आणि डब्ल्यू-४ हे दोन फॉर्म भरावे लागतात. आय-९ मध्ये काम करण्याचा हक्क दाखवायचा असतो. तुमचा भाग पहिल्या दिवशी आणि कागदपत्रांची तपासणी कामाच्या तीन दिवसांत पुरी व्हावी लागते. मूळ कागदच लागतात. झेरॉक्स, मोबाइलमधला फोटो, नोटरी केलेली प्रत काहीही चालत नाही. आणि आपल्याकडे मुलाचा मूळ पासपोर्ट 'हरवेल' म्हणून काकांच्या तिजोरीत, दुसऱ्या राज्यात ठेवायची पद्धत आहे! ग्रीन कार्डवाल्यांचं प्लास्टिकचं कार्ड यायला वेळ लागला तर पासपोर्टातला इमिग्रंट व्हिसा, प्रवेशाच्या शिक्क्यासह, वर्षभर चालतो. एफ-१ वाल्यांना पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) आणि आय-२० (कॉलेजने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा कागद) एकत्र लागतात.

एफ-१ वर सोशल सिक्युरिटी नंबर नोकरी मिळाल्याशिवाय मिळत नाही. क्रम असा: नोकरीचं पत्र विभागाकडून घ्यायचं, त्यावर इंटरनॅशनल ऑफिसचं पत्र घ्यायचं, देशात उतरून साधारण दहा दिवस होऊ द्यायचे म्हणजे सरकारी यंत्रणेत नोंद दिसते, मग एसएस-५ हा नंबरसाठीचा फॉर्म घेऊन सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जायचं. घाईने तिसऱ्या दिवशी गेलात तर नोंद सापडत नाही आणि अर्ज अडकून पडतो. नंबर यायच्या आधी काम सुरू करता येतं, अर्ज केल्याची पावती जपून ठेवा.

डब्ल्यू-४ मध्ये पगारातून किती कर कापायचा ते ठरतं. एफ-१ वाल्यांनी त्यावर 'नॉनरेसिडेंट एलियन' असं लिहायचं. पगारपत्रकावर सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्यविमा) या दोन कपाती एफ-१ वाल्यांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं लागत नाहीत, आणि आपल्याच कॉलेजात काम करणाऱ्या, निदान अर्धवेळ शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला सहसा लागत नाहीत. दोन्ही मिळून ७.६५ टक्के होतात, २,४०० डॉलरवर १८३ डॉलर ६० सेंट. पहिलं पगारपत्रक उघडून बघा. कापले असतील तर लगेच पेरोल ऑफिसला लिहा, त्याच वर्षात दुरुस्ती सोपी असते.

तास भरताना

टाइमशीट ठरल्या वारी, ठरल्या वेळेआधी भरलं नाही तर त्या पंधरवड्याचा पगार पुढे ढकलला जातो. फेडरल वर्क-स्टडीत वर्गाच्या वेळेत काम केलेले तास चालत नाहीत. वर्ग रद्द झाला म्हणून डेस्कवर बसलात तर तो रद्द झाल्याची मेल ठेवा, पडताळणीत विचारतात. सेमिस्टरच्या मध्ये वेळापत्रक बदललं तर सुपरवायझरकडे नवं द्या.

एफ-१ चे २० तास सगळ्या नोकऱ्या मिळून आहेत. डायनिंगचे १२ आणि लायब्ररीचे ९ मिळून २१ होतात, आणि तो एक तासही नियमभंग आहे. सरासरीचा हिशेब चालत नाही, की मागच्या आठवड्यात १५ झाले म्हणून या आठवड्यात २५. दोन्ही सुपरवायझरना एकमेकांविषयी सांगून ठेवा, कारण यंत्रणा आधी थांबवत नाही.

आणि ओळखीतल्यांची दुकानं. गॅस स्टेशन, मोटेल, डोनटचं दुकान, 'आपलाच माणूस आहे, शनिवार-रविवार बस, कॅश देतो.' एफ-१ वर हे काम बेकायदेशीर आहे, पगार रोख असो की न घेता 'मदत' म्हणून असो. पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर काम जवळजवळ नाहीच. पकडलं गेलं तर दुकानदाराला दंड होईल, मुलाचा स्टेटस जाईल, आणि पुढे प्रत्येक व्हिसाच्या वेळी तो प्रश्न येईल. घरच्या मोठ्यांना नाही म्हणणं मुलाला जड जातं, म्हणून हे बोलणं आई-वडिलांनीच निघण्याआधी त्या काकांशी करून टाकावं. याच ओघात आणखी एक: मुंबईच्या व्हिसा मुलाखतीत 'फीचं कसं?' या प्रश्नाला 'तिथे काम करून भरीन' हे उत्तर देऊ नका. आय-२० वरचा पैसा आधीपासून हाती आहे हेच तिथे दाखवायचं असतं.

पूर्ण शिक्षणच कामावर

शिकण्याच्या बदल्यात काम, हा सौदा बडोद्याला जुना आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, तेव्हा महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीला संस्थानची नोकरी करण्याची अट जोडलेली होती. अमेरिकेत शिकत असतानाच काम घेणारी काही 'वर्क कॉलेजं' आहेत. केंटकीतलं बेरिया कॉलेज १८९२ पासून ट्यूशन घेत नाही. प्रत्येक विद्यार्थी, परदेशीसुद्धा, आठवड्याला किमान १० तास काम करतो. परदेशी जागा मोजक्या आणि स्पर्धा फार मोठी, म्हणून एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. पण घरची परिस्थिती बेताची आणि मूल हुशार असेल तर अर्ज करायलाच हवा.

वर्षअखेर

जानेवारीच्या शेवटी कॉलेज डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, देतं. एफ-१ वाल्यांचा रिटर्न १०४०-एनआर (अनिवासींचा कर फॉर्म), सोबत अमेरिकेतल्या वास्तव्याच्या दिवसांचा फॉर्म ८८४३, तारीख १५ एप्रिल. एक पैसा कमावला नसेल तरी ८८४३ द्यावाच लागतो. भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातली ठरावीक करमुक्त वजावट, घेता येतं, इतर बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही. २०२५ साठी ते १५,७५० डॉलर आहे. कॅम्पसवरची कमाई त्याच्या आतच राहते, त्यामुळे कापलेला केंद्रीय कर परत येतो. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुलं बहुधा निवासींचा १०४० भरून बसतात, आणि तो चुकीचा रिटर्न पुढे इमिग्रेशनच्या कागदांत निघतो. टर्बोटॅक्स या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये १०४०-एनआर होत नाही; कॉलेजचं इंटरनॅशनल ऑफिस पुष्कळदा स्प्रिंटॅक्स या अनिवासींच्या रिटर्नच्या सॉफ्टवेअरचा कोड मोफत देतं, तो मागून घ्या. राज्याचा रिटर्न वेगळा, आणि काही राज्यं हा करार मानत नाहीत. पेनसिल्व्हेनियात तर सरसकट ३.०७ टक्के जातात.

ग्रीन कार्डवाले साधा १०४० भरतात. आई-वडिलांनी त्यांना आपल्यावर अवलंबून दाखवलं असलं तरी कापलेला कर परत घ्यायला स्वतःचा रिटर्न लागतो. फेडरल वर्क-स्टडीची कमाई पुढच्या वर्षीची मदत ठरवताना मोजली जात नाही, बाहेरच्या दुकानातली कमाई मात्र मोजली जाते. दोन्ही केलं असेल तर दोन डब्ल्यू-२ वेगळे ठेवा.

वर्क-स्टडी आपोआप पुढच्या वर्षी चालू राहत नाही. ऑक्टोबरात पुन्हा फाफ्सा, आणि गुण व क्रेडिटची कॉलेजने ठरवलेली किमान पातळी राखायची. काम आवडलं असेल तर एप्रिलमध्ये, परीक्षांच्या गडबडीआधी, सुपरवायझरला लेखी विचारा की सप्टेंबरात जागा ठेवाल का. बहुतेक जण ठेवतात, कारण नव्या मुलाला शिकवण्यात त्यांचे दोन आठवडे जातात.